उपाशी ठेवायची झाडं

मातीत बोट खुपसायचं, ते नाकाशी न्यायचं आणि म्हणायचं, "ह्या झाडांक उपाशी ठेवूंक जाय." आमच्या शेजाऱ्यांचा हा रोज सकाळचा कार्यक्रम. माझं धारगळला हायवेला लागून बी-बियाण्यांचं आणि खतांचं दुकान आहे. शेजारी कुंपणापलीकडून उपासाचं महत्त्व सांगणार आणि मी खताची पोती विकणार, मग मनात प्रेम कुठून यायचं? हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही मला फार सज्जन समजणार नाही.

हे शेजारी, म्हणजे काका, मूळ हळर्णचे. सगळी नोकरी मुरगाव बंदरात, कचेरीच्या टेबलावर. निवृत्त झाल्यावर सात वर्षं मुलीकडे ऑस्ट्रेलियात राहिले, कुठल्याशा थंड डोंगराळ गावात. लेक-जावई दिवसभर कामावर. तिथल्या एका म्हाताऱ्या शेजाऱ्यानं त्यांना तिकडची रानटी झुडपं लावायला शिकवलं आणि आयुष्यात तुळशीलाही पाणी न घातलेला हा माणूस माळी होऊन परतला.

आमच्याकडे अंगणात अबोली लावतात, जास्वंद लावतात. काकांनी निलगिरी डोंगरातल्या एका नर्सरीतून ऑस्ट्रेलियन झुडपांची बारा रोपं मागवली. कुणाचं नाव ग्रेव्हिलिया, कुणाचं बँक्सिया. काका त्यांना 'नेटिव्ह' म्हणत. कुठली नेटिव्ह, असं मी एकदा विचारलं, तर "थंयचीं", तिथली, एवढंच म्हणाले. डिचोलीच्या खाणींवर ऑस्ट्रेलियन आकाशिया लावून ठेवलेत, बघून या फुकटात, असंही मी सुचवलं. ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आकाशिया गरम भागातला. आपली झाडं थंडीतल्या घराण्यातली, हे मला कळायला हवं होतं.

एप्रिल आला आणि घराणं कोमेजायला लागलं. तेव्हा काकांनी त्यांना थंडी द्यायचं ठरवलं. दारावर मासे घेऊन येणाऱ्या बाईकडून पेटीतला उरलेला बर्फ घ्यायचे आणि एकेका रोपाभोवती मांडायचे. बर्फ बांगड्यांच्या वासाचा. दुसऱ्या दिवशी वस्तीतली झाडून सगळी मांजरं अंगणात जमली आणि तीन रोपं उकरून गेली. त्या आठवड्यात माझ्या दुकानात बियाण्यांपेक्षा ही हकिकत जास्त खपली. सांगणारा अर्थात मीच.

पावसाळ्यात त्यांनी चिऱ्याच्या खडीचे उंचवटे केले, वर प्लॅस्टिकची छपरं बांधली. स्वतः भिजत, झाडं कोरडी. एवढं करून चार गेली. पाच वाचली.

खत घाला, मी म्हणायचो. निदान शेण घाला. काका मान हलवायचे. तिकडची माती भिकारी असते, ह्या मुळांना थोडक्यावर जगायची सवय आहे, भरलं ताट दिलंत तर मरतील, असं त्यांचं म्हणणं. माझी खात्री होती की माणूस चिकट आहे आणि त्याला शास्त्राचा आव आणतो आहे.

जानेवारीत एका ग्रेव्हिलियाला कळे आले. लालसर, वाकड्या नखांसारखे. काका देवळापासून बसस्टॉपपर्यंत सगळ्यांना सांगत सुटले. आणि नेमकं तेव्हाच हर्नियाचं ऑपरेशन निघालं. म्हापशाला दवाखाना, मग तिथंच पुतण्याकडे विश्रांती, म्हणजे तीन आठवडे. बाग माझ्यावर सोपवली. आठवड्यातून एकदा पाणी, दुसरं काही नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं.

पहिल्याच दिवशी मी पाचही झाडांना मूठमूठ डीएपी घातलं.

दयेनं घातलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत होतो. खरं ते असं, की झाडं तरारून फुलली असती तर ती माझ्या खतानं फुलली हे मला गावभर सांगायचं होतं. वाक्यसुद्धा तयार होतं.

दहाव्या दिवशी पानं कडांनी करपायला लागली. मी पाणी वाढवलं. विसाव्या दिवशी पाचही झाडं भाजल्यासारखी तपकिरी झाली आणि कळे बोट लावताच गळायला लागले.

काका परतले ते पोटावर हात धरून. तडक बागेत गेले. मी मागोमाग गेलो, तोंडात काहीतरी किडीचं कारण घोळवत. ते हळूहळू खाली बसले, मातीत बोट खुपसलं, आणि ह्या वेळी नाकाशी नेलं नाही. बोटाला दोन करडे दाणे चिकटले होते. ते त्यांनी अंगठ्यानं चुरडले आणि माझ्याकडे बघितलं. खताचा दाणा मी ओळखणार नाही, असं तर होणार नव्हतं.

इतक्यात पाव घालायला आलेल्या पोदेरानं सायकलवरूनच विचारलं, झाडांचं काय झालं?

"पावसान गेलीं," काका म्हणाले.

फेब्रुवारी महिना. महिनाभर आभाळात ढग नाही. पोदेर हसत पुढच्या दारी गेला आणि दुपारपर्यंत अख्ख्या धारगळला कळलं की ऑपरेशननं म्हाताऱ्याचं डोकंही फिरलं. लोक त्यांना रस्त्यात थांबवून पाऊसपाण्याची चौकशी करायचे. काका "बरो आसा पाऊस" म्हणून पुढं जायचे. माझ्या दुकानातही हसणं चालायचं, आणि दुकानदार हसला नाही तर गिऱ्हाइकाला संशय येतो, म्हणून मीही हसायचो. चांगलं मोठ्यानं.

मे महिन्यात काका दुकानात आले. शेजारी असून पहिल्यांदाच. मुलीनं बोलावून घेतलं होतं, मोपा विमानतळावर जायला गाडी बाहेर उभी होती. त्यांनी नारळासाठीच्या खताचं एक पोतं मागितलं आणि पैसे मोजून दिले.

"काका, ते फेब्रुवारीत..." मी सुरुवात केली.

"मागल्या दारांत सात माड आसात," ते म्हणाले. "माडांक तुजें खत चलता. पाऊस लागलो की घाल."

पोतं त्यांनी काउंटरपाशीच राहू दिलं. फाटकाची चावी त्यावर ठेवली, पोटावर हात धरून दोन पायऱ्या उतरले आणि गाडीत बसले. मागे एक गिऱ्हाईक मिरचीच्या बियाण्यासाठी खोळंबलं होतं. त्याला मी सांगितलं, जरा थांब, आणि ती चावी कुठं ठेवावी ते बराच वेळ ठरवत राहिलो.