दुसऱ्यांदा घातलेली अंडी

सांगलीच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवत होते. मार्चमध्ये कृष्णेचं पाणी उतरलं की पात्रात वाळूचं एक लहान बेट उघडं पडायचं. नदीसुरय हे पक्षी तिथे अंडी घालायचे. समुद्रावरच्या सुरयांचेच हे भाऊबंद. घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा. मला नावेतून नेणारे मामा साठीचे, मासेमारी करणारे. बेटावर उतरायचं नाही, दुर्बिणीतून बघायचं, हा आमचा नियम.

लवकर अंडी घालणाऱ्या जोड्यांचीच पिल्लं जगतात, उशिराची पुरात जातात, असं मी ठामपणे शिकवायचे.

त्या वर्षी पाणी फारच उतरलं. एका सकाळी गेलो तर बेट सुनं. एका बाजूला जेमतेम घोटाभर पाणी होतं, तिथून कुत्री चालत गेली होती. वाळूवर पंजांचे ठसे आणि फुटकी कवचं. पिल्लं बाहेर यायला चार-पाच दिवसच उरले होते. मी मामांना नाव वळवायला सांगितलं.

आठवड्याने त्यांचाच फोन आला. सुरय परतले होते, पुन्हा खळगे करत होते. मी म्हटलं, आता काय उपयोग, पिल्लं उडायच्या आत पाऊस येईल.

"बाई, पाऊस कवा यायचा तवा येईल," ते म्हणाले. "आपन कुत्री तेवढी अडवू."

उथळ पाण्यात बांबू रोवून त्यांनी जुनं जाळं आडवं बांधलं. मी गुडघाभर चिखलात बांबू धरून उभी राहिले. एक चप्पल तिथेच गेली.

एप्रिलमध्ये धरणातून पाणी सोडलं आणि जाळं वाहून गेलं. दिवसभर आम्ही काठावर बसून होतो. खालच्या अंगाची दोन घरटी डोळ्यांदेखत बुडाली. मामांनी पाण्याच्या कडेला एक काटकी रोवली होती, ती बुडाली की थोडी वर दुसरी रोवायचे. दुपारनंतरची काटकी मात्र कोरडीच राहिली.

"थांबलं," मामा हलकेच म्हणाले.

बेटाभोवती आता खोल पाणी होतं. कुत्री काठावरूनच परतायची. मेमध्ये पिल्लं बाहेर आली, वाळूच्याच रंगाची. हलली तरच दिसायची.

जूनच्या सुरुवातीला, आभाळ भरून आलेलं असताना, शेवटचं पिल्लू धावत सुटलं, पाण्यावर आपटलं आणि पुन्हा उठून उडालं. मामांनी वल्हं वर धरलं होतं. नाव आपसूक खाली सरकत होती. आम्हाला दोघांनाही परतायची घाई नव्हती.