सासूबाईंचं ‘छे’

नवऱ्याचा, अजितचा, फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या ऑफिसात बसले होते. "आई गेली गं," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं, "छे!" शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, माझं काहीतरी काम बिघडलं. बातमी खरी वाटली नाही की कुणीही असंच म्हणतं. पण बोरिवलीला घरी येताना रिक्षात लक्षात आलं, हा तर सासूबाईंचाच शब्द... शेवटी त्यांच्याकडे तेवढा एकच उरला होता.

एरवी नापसंती दाखवायला सासूबाईंना शब्द कधी कमी पडले नाहीत. भाजीवाल्याने भाव सांगितला की "भलतंच!" पलंगावर ओला टॉवेल दिसला की "शी!" अजितने कौतुक केलं की "काहीतरीच तुझं", पण ते नावापुरतं, आतून स्वारी खूश. "शोभतं का हे?" आलं की समजावं, पाहुणे गेल्यावर बोलणी खावी लागणार. आणि "असो" म्हणाल्या की संपलंच. विषय मिटायचा, राग नाही. माझ्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा "छे" यायचं. लग्नानंतर पहिल्यांदा आमटी केली ती माझ्या मुलुंडच्या माहेरच्यासारखी, चिंचेची. सासरी आमसुलाची लागायची. त्यांनी एक भुरका मारला, "छे" म्हणाल्या आणि वाटी बाजूला सारली. ना आवाज चढवला, ना कारण सांगितलं. पुढे मी आमसूल घालायला लागले, तरी छेच. चार शब्द बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं. एका अक्षराशी भांडणार कसं?

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. डॉक्टर म्हणाले, हळूहळू एखादा शब्द परत येईल. आला, तो हाच. अजितला आनंदाने रडू आलं, आणि मी... खरं सांगते, मी कपाळाला हात लावला. एवढ्या शब्दांतून नेमका हाच यावा! त्यानंतर अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, आणि प्रत्येकाला छे. पण माझा कान तयार होत गेला. तुटक छे म्हणजे भूक नाही. लांबवलेलं म्हणजे पडदा ओढ, डोळ्यांवर ऊन येतंय. दिवसा त्यांच्याजवळ बसणाऱ्या मंगलबाईंचा ऑफिसात फोन यायचा, "वहिनी, आजी कधीच्या छे छे करतायत, मला काय समजत नाय." मी म्हणायचे, "फोन त्यांच्या तोंडाजवळ धरा." ऐकायचे आणि सांगायचे, "पंखा कमी करा." बहुतेक वेळा बरोबर निघायचं.

एका रविवारी दुपारी त्यांना भरवत होते. मऊ भात, वर आमटी. दर घासाला छे, दर घासाला मान फिरवलेली. मी इतकी दमले होते की वाटी खाली ठेवली आणि इतकी वर्षं घशात अडकलेलं विचारून टाकलं, "आई, मी तुम्हाला पहिल्यापासून आवडलेच नाही ना?" त्यांनी फिरवलेली मान माझ्याकडे वळवली. मग म्हणाल्या, "छे." फोनवरून पंखा आणि पडदा ओळखणारी मी, मला हे छे ओळखता येईना. ‘तसं नाही गं’ म्हणाल्या, की नेहमीसारखं मला निकालात काढलं? "म्हणजे आवडते?" मी पुन्हा विचारलं. "छे." मला हसूच फुटलं. त्यांच्याही तोंडाची एक बाजू जराशी वर गेली... आणि घासासाठी तोंड उघडलं. पुन्हा विचारायचा धीर मला शेवटपर्यंत झाला नाही.

आता भाड्याचा पलंग परत गेलाय, मंगलबाई दुसरीकडे लागल्यात. "सुटलीस बाई, आता आराम कर," असं जो तो सांगतो. करतेही, पण थकवा काही उतरत नाही. सुट्टीच्या दुपारी त्या खोलीत ऊन सरकत त्यांच्या उशीच्या जागी आलं, की मी उठते आणि पडदा ओढते. परवाच्या रविवारी अजित दारात उभा होता. "तिथे कुणी नाहीये गं आता," तो म्हणाला. मी वळले नाही. मग जवळ येऊन त्याने विचारलं, "रडतेयस का?"

"छे," मी म्हटलं.