दादाचा उजवा हात

माझा स्वभाव संशयी आहे. भाजीवाल्याच्या तराजूपासून देवाच्या अंगाऱ्यापर्यंत कशावरच माझा चटकन विश्वास बसत नाही. दादा पांढुर्ण्याला कायमचा परत आला, तेव्हा मी त्याच्यावरही नजर ठेवून होतो.

दादा बेसबॉल खेळायचा, तेही पगारावर. एका कंपनीनं त्याला आपल्या संघात चेंडू फेकायला ठेवलं होतं. त्याचा चेंडू दिसायचा नाही, झेलणाऱ्याच्या हातमोज्यात नुसता वाजायचा. मग कंपनीनं त्याला काढलं. का, ते त्यानं सांगितलं नाही. दारू असणार, असं मी धरून चाललो. तो झोपला की जवळ जाऊन वास घ्यायचो. वास कधी आला नाही, पण संशयही गेला नाही.

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते. जाम नदीच्या या काठावर आम्ही, त्या काठावर सावरगाववाले, आणि मधे दगडांचा मारा. दादाचं नाव आधी तिथंच झालं होतं. वहिनी मात्र सावरगावची. परत आल्यापासून दादा गोटमारीला गेलाच नाही, तशी कुजबुज सुरू झाली की सासरच्यांनी त्याला फोडलं. पानठेल्यावर लोक मला बघून गप्प व्हायचे. मलाही तसंच वाटायचं आणि भावाची लाज वाटायची.

यंदा मोहल्ल्यातली माणसं सकाळीच दारात आली. लहानपणी दादाला खांद्यावर मिरवणारा शेजारचा म्हातारा पुढं होता. म्हणाला, "काहून नाई येऊन राह्यला बाप्पा? एक गोटा तं मार."

दादा आतूनच बोलला, "तिकडं माह्या बायकोचे भाऊ हायेत. मी नाई मारत."

बाहेर कोणीतरी थुंकलं. मी तावातावानं आत गेलो. खरं काय ते आज वदवूनच घ्यायचं होतं. दादा सदरा घालत होता. लहान लेकराला घालतात तसा, डाव्या हातानं उजवं मनगट धरून तो हात बाहीत सरकवत होता. उजवा हात छातीच्या वर जातच नव्हता.

दाढी डाव्या हातानं. कालचं पोळ्याचं तोरण बांधायला मला वर चढवलं. जामसांवलीला मारुतीची घंटाही डाव्याच हातानं वाजवली. हे सगळं मी पाहिलं होतं, आणि वास घेत बसलो होतो.

हात खेळतानाच गेला, म्हणून तर काढलं, असं त्यानं खालच्या आवाजात सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "फितूर म्हनतेत तं म्हनू दे. हात गेला म्हनून नोको सांगू."

मी बाहेर आलो तर सगळे माझ्याच तोंडाकडे बघत होते.

मी म्हणालो, "तो नाई येत. सासरचा झाला तो."

म्हातारा मान हलवत वळला, बाकीचे त्याच्यामागे. जाताना एकजण मोठ्यानं म्हणाला की असा हात अख्ख्या जिल्ह्यात नाही, बायकोपायी वाया घालवून राहिला.

दादानं ते ऐकलं असावं. मी आत गेलो तेव्हा तो डाव्या हातानं बटणं लावत होता, आणि त्याचा चेहरा खुलला होता.