त्या बाईला मी उत्तर दिलं नाही

आमच्या संशोधन संस्थेच्या संचालकांनी माझा व्हिडिओ मीटिंगच्या मोठ्या पडद्यावर लावला. राजाजीनगरच्या माझ्या घरात, ओट्याशी मी उभा, हातात पाण्याचा ग्लास, कन्नडमध्ये बोलतोय. त्यांनी मुद्दाम आवाज वाढवला.

"अहो, तुम्ही सायंटिस्ट आहात की जडीबुटी विकणारे?"

सगळे हसले. मीही हसलो. आजवर ही गोष्ट सांगताना माझं हसणं मी गाळत आलो.

ते पुण्याचे, परदेशात शिकलेले. मी इथलाच, कित्येक पिढ्यांपूर्वी बंगळूरला आलेल्या मराठी शिंप्यांच्या घरातला. माझ्या मराठीत कन्नड येतं, इंग्रजीत दोन्ही. त्यांच्यासमोर तोंड उघडताना कान तापायचे. पण व्हिडिओत मी नीट बोललो होतो. बोम्मसंद्र्याच्या कारखान्यांपुढच्या एका वसाहतीतल्या बोअरवेलच्या पाण्यात आम्हाला क्रोमियम सापडलं होतं. पुन्हा पुन्हा तपासून झालं होतं. संस्थेची पत्रं सरकारी खात्यांकडे जात होती, हलत काहीच नव्हतं. म्हणून मी फोन समोर ठेवला आणि सांगितलं, हे पाणी पिऊ नका.

"रिसर्च पेपर छापून येण्याआधी बाजारात बसायचं नसतं," संचालक म्हणाले. "काढा तो. आत्ता. आमच्यासमोर."

माझी निवृत्ती जवळ आली होती. मुदतवाढ त्यांच्या हातात होती.

व्हिडिओखाली त्याच सकाळी एका बाईनं विचारलं होतं, "अण्णा, मी उकळून देते मुलीला. सरी ना? चालेल ना?" घरी गेल्यावर सावकाश लिहू, म्हणून मी ते ठेवलं होतं. उकळून क्रोमियम जात नाही. एवढंच लिहायचं होतं.

मी बटण दाबलं. व्हिडिओ गेला, प्रश्न गेला, तिचं नावही गेलं. कुणीतरी टाळी वाजवली.

मुदतवाढ मिळाली. मी घेतली. पेपर आला, इंग्रजीत, वसाहतीतलं कुणी कधी उघडणार नाही अशा जर्नलमध्ये. एकदा मी तिथे गेलो. पहिल्याच घरात गॅसवर पाण्याचं पातेलं उकळत होतं. पत्ता चुकला म्हणालो आणि परत फिरलो. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

मधे काही वर्षं गेली. मागच्या महिन्यात तेच संचालक कॅमेरावाल्याला घेऊन माझ्या घरी आले. संस्थेला आता सोशल मीडिया हवा होता.

"बोला की तुमच्या कन्नडमध्ये, लोकांना आवडतं. फक्त वसाहतीचं नाव नको, पिण्याबिण्याचं नको. कॉमेंट बंद ठेवू. कोण उत्तरं देत बसणार?"

"मी," म्हणालो. कॉलरचा माईक काढून त्यांच्या हातात दिला.

"अहो, चिडताय काय? तुमचे लोक म्हणतात ना, स्वल्प ॲडजस्ट माडी, थोडं जुळवून घ्या!"

"केलं. आता नाही. चहा घेऊन जा."

चहा न घेताच गेले.

मग मी पुन्हा फोन समोर ठेवला. पहिलं वाक्य, उकळून हे जात नाही. वसाहतीचं नाव घेतलं. काय नक्की माहीत आहे आणि काय नाही, ते सांगितलं. आधीचा व्हिडिओ मी का पुसला, तेही सांगितलं.

पहिली कॉमेंट आली, "इतकी वर्षं झोपला होतास काय रे म्हाताऱ्या?"

ती काढता आली असती. मी ती सगळ्यांच्या वर चिकटवली. खाली लिहिलं, "झोपलो नव्हतो. घाबरलो होतो, आणि नोकरी हवी होती."

आता रोज उत्तरं देतो. शिव्या देणाऱ्यांनाही. ती बाई अजून आलेली नाही. येईल तेव्हा मुलीचं काय झालं ते लिहील. ती जे लिहील ते तिथंच राहील. कुणीही सांगो, मी पुसणार नाही.