हूं म्हणणारी

सासरे गेले आणि आमच्या सासूबाईंनी बोलणं टाकलं. घशात काही दोष नाही, असं चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. त्या स्वयंपाक करायच्या, धान वाळू घालायच्या, ओसरीतली सासऱ्यांची सायकल रोज पुसायच्या. पण तोंडातून अक्षर नाही. ज्यांच्या गोष्टी ऐकायला धानाच्या रोवणीला आलेल्या बाया त्यांच्या शेजारची जागा धरायला भांडायच्या, त्यांची ही गत. गोष्ट चालू असताना कुणीतरी ‘हूं’ म्हणत राहिलंच पाहिजे, हा त्यांचा दंडक. हूं थांबला की गोष्ट थांबली. घरात हूं म्हणायचं काम सासऱ्यांचं होतं.

त्याच सुमारास कॅनडात नोकरीला असलेल्या माझ्या भावानं तिकडच्या एका लेखिकेची कथांची पुस्तकं आणून दिली. मी सिंदेवाहीला कॉलेजात इंग्रजी शिकवते, आणि भाषांतराची खाज जुनी. पहिल्या पुस्तकाच्या पाठीवरच्या फोटोत ती काळ्याभोर केसांची मुलगी होती, शेवटच्या पुस्तकावर कापसासारखं डोकं. एवढ्या वर्षांत बाईनं कादंबरी म्हणून लिहिली नाही. नुसत्या कथा, त्याही एकाच तळ्याकाठच्या गावाच्या. हिला कंटाळा कसा आला नाही, असं मला आधी वाटलं.

एका दुपारी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. कानाला कसं लागतं ते बघावं म्हणून मी पहिली कथा मोठ्यानं वाचली, आणि वाचता वाचता भाषांतर आपसूक आमच्या बोलीत घसरलं. गोष्ट साधी होती. एका बाईचा नवरा मरतो. त्याची गाडीही विकून झालेली असते. तरी बर्फ पडला की ती फावडं घेते आणि गाडी उभी राहायची तेवढी जागा मोकळी करते. तिथंच कथा संपते.

‘हूं,’ सासूबाई म्हणाल्या.

मी पुस्तकातून मान वर केली. त्यांनी सूप खाली ठेवलं. ‘मंग?’

मंग काय, कप्पाळ! कथा संपली होती. पण बाकीची पुस्तकं घाईनं चाळली तेव्हा ध्यानात आलं, की हीच बाई पुढच्या पुस्तकात आहे, थोडी थकलेली. त्याच्याही पुढच्यात आहे. लेखिकेनं तिला सोडलीच नव्हती. स्वतः म्हातारी होत गेली आणि तिलाही सोबत नेत गेली. जन्मभर जणू कुणीतरी लेखिकेला ‘मंग?’ विचारत होतं, आणि ती न थकता सांगत होती. त्या न पाहिलेल्या बाईचे पाय धरावेत असं मला वाटलं.

मग रोज वाचन सुरू झालं. हूंच्या मागून शब्द आले. ‘इतला बर्फ? वावरात का पिकत असन मंग?’ मी एकदा त्या बाईला वेडी म्हटलं, तर फणकाऱ्यानं म्हणाल्या, ‘पागल नाई थे बाई. जागा साफ ठेवा लागते.’ मी सायकलकडं बघायचं टाळलं.

शेवटच्या पुस्तकातल्या शेवटच्या कथेत ती बाई फावडं हातात घेते, दारात उभी राहते, आणि बर्फ पडू देते. मी पुस्तक मिटलं.

‘मंग?’

‘आई, पुढचं अजून आलंच नाई. थे बाई अजून लिहून राह्यली.’

सासूबाईंनी तांदळातला खडा वेचून अंगणात फेकला.

‘मंग तिले सांग, सावकाश लिही म्हना. हूं म्हनासाठी मी आहो इथी.’