समोर बसा, मग हात लावते

खिटीबाई माणसाच्या तोंडाकडे आधी बघायची नाही, हातांकडे बघायची. कोणी संगणक घेऊन दारात उभा राहिला की तिचा पहिला प्रश्न ठरलेला. "उघडून बघितलाय का?" तो नाही म्हणाला तरी तिला पटायचं नाही. झाकणाचे स्क्रू निरखायची, त्यांच्या खाचा झिजल्यात का ते बघायची आणि म्हणायची, "कुणीतरी उघडलाय. तुम्ही नसाल तर तुमच्या घरच्यानं."

तिचं नाव वेगळं होतं, पण आमच्या मोशी गावात त्या नावाने तिला कोणी ओळखत नव्हतं. बीडकडची बाई. नवरा गावाकडेच, त्याचं ती कधी बोलली नाही आणि मी विचारलं नाही. आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायची. आधी चाकणला, गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कंपनीत होती. ती नोकरी सुटल्यावर खोलीतच संगणक जोडायला आणि दुरुस्त करायला लागली. संगणकात वायरीचं टोक जिथे खोचलेलं असतं तिथे प्लास्टिकची बारीक खिटी असते. ती दाबल्याशिवाय टोक निघत नाही. ही बाई दिवसभर त्या खिट्यांच्याच मागे, म्हणून खिटीबाई.

मला तिचा पहिल्यापासून संशय होता. वाकडहून शिकलेली पोरं खोकी घेऊन वर जायची. तासाभराने खोकी घेऊन उतरायची, पण खोक्यात गेलं तेच परत आलं का, हे कोणाला कळणार? मी चौथी शिकलेली. आतला कुठला तुकडा चांगला आणि कुठला भंगार, मला काय माहीत? शिवाय ती दार सताड उघडं ठेवायची. बंद दारापेक्षा असं दार मला जास्त खटकतं. लपवायचं नसेल तर एवढं दाखवायचं कशाला? मी पापड वाळवायच्या निमित्ताने गच्चीवर जायची आणि जाता-येता डोकवायची. तिला ते कळायचं. मान वर न करता म्हणायची, "मावशी, पापड कालच वाळले की. आज काय उलटायलाव?"

तिची एक रीत होती. मालक समोर बसल्याशिवाय ती यंत्राला हात लावायची नाही. "समोर बसा, मग हात लावते." मालक फोन घेऊन जिन्यात गेला की हिचे हात तिथल्या तिथे थांबायचे. तो येईपर्यंत हात मांडीवर. एकदा एक पोरगा वैतागला. "ताई, मला कामावर जायचंय. ठेवून जातो ना. माझा विश्वास आहे तुमच्यावर."

"माझा न्हाई ना तुमच्यावर," ती म्हणाली. बसला बिचारा.

टोक काढायचीसुद्धा ती संशयानेच. आधी भिंतीतला प्लग काढायची. बटण बंद आहे एवढ्यावर तिचं भागायचं नाही. मग संगणकाच्या डब्याच्या लोखंडाला हात टेकवायची, कारण सगळी टोकं जिच्यावर बसतात त्या आतल्या नाजूक पट्टीला अंगातली वीज लागते म्हणे. मग टॉर्च मारून चारी बाजूंनी बघायची. "ओढायचं नसतं, मावशी. ते कशानं धरलंय ते आधी बघायचं." खिटी सापडली की तिच्यावर अंगठा दाबायचा, वायर न धरता टोकाचं प्लास्टिकचं अंग धरायचं, दुसऱ्या हाताने शेजारची पट्टी हलकी दाबून ठेवायची आणि टोक जरा जरा डोलवत सरळ वर घ्यायचं. वायर धरून ओढणाऱ्यांचा तिला फार राग. "म्हैस गोठ्यातून काढायची तर शेपटी धरून ओढत्यात का?" आणि ज्या टोकाला खिटीच नसते त्याच्यावर तर तिचा सगळ्यांत जास्त संशय. ते नुसतं घट्ट बसलेलं असतं. माणसाला वाटतं कुठे तरी अडकलंय, तो जोर लावतो आणि टोक जिच्यात बसतं ती खालची चौकट मुळासकट उपटून येते.

मी एकदा तिला सरळ विचारलं, "तुला कंपनीतून काढलं का गं?"

"काढलं," ती म्हणाली. "माझ्या टेबलावर खिट्या मोडलेला माल सापडला. माझ्याकडं आला तोच मोडून आला होता. शेजारच्या दोघींनी बघितलं होतं. सायबानं इचारलं तर दोघी खाली बघायलाल्या."

मी अर्धं खरं मानलं. चोरही असंच सांगतो.

मग तो रविवार आला. सुनेला घरून करायचं काम मिळालं होतं, चित्रं काढायचं, सोमवारपासून. त्याला मोठा संगणक हवा होता. माझा मुलगा संतोष भोसरीला कंपनीत आहे. तो म्हणाला, मीच जोडतो, मोबाइलवर बघून. सकाळपासून जमिनीवर पसारा मांडून बसला. सगळं जोडलं आणि ते काही सुरू होईना. आता मोठी पट्टी बाहेर काढून बघायची, तर विजेचं जाड टोक निघेना. घाम पुसून पुसून त्याचा शर्ट ओला. सून म्हणाली, "वरच्या ताईंना बोलवा ना." तो म्हणाला, "त्या बाईला कशाला?" शेवटी तीच जाऊन घेऊन आली.

मी माझं स्टूल ओढून अगदी जवळ बसले. खिटीबाई मला म्हणाली, "बसा मावशी. आता मात्र उठू नका."

"मी कशाला उठती? तू काय काय काढून नेतीस ते बघायचंय मला."

"तेच म्हणते मी. बघा."

तिने टॉर्च मारला. एक हात मांडीवरच. बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "भाऊ, हे डब्याच्या तोंडाकडून आलेलं निळं टोक कुणी ओढलंय? ह्याची चौकट उचललीय. आतल्या सुया वाकल्यात."

"कोणी नाही ओढलं," संतोष म्हणाला. "आत्ता तुमचाच धक्का लागला, ताई. नवीन वस्तू आहे, सकाळी चांगली होती."

सून जमिनीकडे बघायला लागली. ती सकाळपासून त्याच्या शेजारी होती, तिला सगळं माहीत होतं. खिटीबाईने तिच्याकडे बघितलं आणि टॉर्च बंद केला. आवाज चढवला नाही. "चला. म्हणजे आता मोशीतबी झालं," एवढंच म्हणाली आणि उठायला लागली. गावात तिचं काम एकाने दुसऱ्याला सांगूनच चालायचं. मोडते असं एकाने म्हटलं की संपलं.

"बस खाली," मी तिला म्हणाले. आणि मुलाला म्हणाले, "संत्या, खोटं बोलू नगं. तिचा एक हात टॉर्चवर व्हता, एक मांडीवर. ती आल्यापासनं मी तिच्या हातावरनं नजर काढली न्हाई. चोरी करील म्हणून बसले व्हते मी हितं. तिनं बोटसुद्धा लावलं न्हाई."

"आई, तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"बाजू कसली? डोळं हायेत, दिसलं ते सांगते."

 मग त्याने कबूल केलं. वायर धरून ओढलं, चौकट वर आली, ती दाबून परत बसवली आणि कोणाला बोलला नाही.

खिटीबाईने त्याला समोर बसवून मोठ्याने म्हणायला लावलं, "हे आधीच वाकलेलं होतं." तो म्हणाला. मगच तिने काम सुरू केलं. जाड टोकाची खिटी पलीकडच्या अंगाला होती, हा मघापासून अलीकडून दाबत होता. सुया चिमट्याने सरळ केल्या, पण दोन मोडल्याच. "डब्याची पुढची, पेनड्राइव्ह खोचायची दोन भोकं चालायची न्हाईत," ती म्हणाली. वरच्या कोपऱ्यातलं एक टोक अर्धवट बसलं होतं, म्हणूनच यंत्र सुरू होत नव्हतं; ते खिटी वाजेपर्यंत दाबलं. यंत्र सुरू झालं. सुनेचं काम सोमवारी सुरू झालं.

संतोष पुढे जिन्यात तिला बघून मान फिरवायचा. पण एक दिवस तिने खोली सोडते म्हणून सांगितलं ते त्याच्यामुळे नाही. मी वर गेले.

"मी तुझ्या बाजूनं बोलले, आन् तू चाललीस?"

"तुम्ही माझ्यावर संशय घेऊन बसला होता म्हणून वाचले, मावशी," ती वायरी गुंडाळत म्हणाली. "आता तुमचा संशय गेला. आता साक्षीला कशाला बसाल तुम्ही?"

"कोण म्हनलं गेला म्हणून?"

ती हसली. मी तिला तेवढंच एकदा हसताना बघितलं.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. तिची खोकी एकेक करून खाली उतरली, सगळी दोरीने बांधलेली. मी दारात उभी होते. आत काय आहे ते उघडून दाखव, असं मी एकदाही म्हणाले नाही.