नवस त्याचा, कोंबडा माझा

माझ्या थोरल्या दिराला हिवताप आला, आणि त्यानं माझा कोंबडा देवाला बोलून टाकला. मला विचारलं नाही. या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तो दीर गेला, सासू गेली, माझा नवराही गेला. तरी हे सांगायला बसले की माझे कान अजून तापतात. लोक म्हणतात, वय झालं की राग उतरतो. माझा उतरला नाही.

आमची वाडी कॅसलरॉकच्या स्टेशनापासून पायी अर्ध्या दिवसाच्या वाटेवर, रानात होती. घरं थोडी, शेती थोडी, बाकी सगळं रान. मी खानापूरकडची. लग्न होऊन आले तेव्हा आईनं माझ्यासोबत एक टोपली दिली होती. तिच्यात एक खुडूक कोंबडी आणि तिच्याखाली भाताच्या पेंढ्यात अंडी. आगगाडीत ती टोपली मी मांडीवर घेऊन बसले. नवरी मुलगी कोंबडी घेऊन बसली म्हणून डब्यातले लोक हसत होते. हसू देत. कोंबडी एकदाही उठली नाही, आणि सासरी आल्यावर आठवड्याच्या आत तिनं पिल्लं काढली.

आमच्याकडं कोंबडी बाईची असते. बैल, शेत, रानातलं काम पुरुषाचं, खुराडं बाईचं. आमच्या घरात तर ते माझ्या एकटीचंच होतं. सासूला डोळ्यांनी कमी दिसायचं, आणि थोरल्या जावेला कोंबडीच्या घाणीची किळस. खुराडं मी सारवायची, राख मी टाकायची, रानातून वाळवीचं ढेकूळ फोडून पिल्लांना मी घालायची. अंडी खायला मात्र सगळे.

माझ्या माहेरच्या कोंबड्या जड, शांत, पिल्लांना जपणाऱ्या. पण पठारावरच्या. त्यांना घार माहीत नव्हती. अंगणात सावली फिरली तरी माना खाली घालून टिपत राहायच्या. इथल्या कोंबड्या बारक्या, चपळ, अर्ध्या रानातल्या. झाडावर झोपायच्या, झुडपात अंडी घालून लपवायच्या. पहिल्या वर्षी माझी निम्मी पिल्लं घारीनं नेली. मी रडले, मग विचार केला. शेजारणीच्या इथल्या कोंबड्याला माझ्या तलंगा, तरण्या कोंबड्या, दाखवल्या. त्यातून जे नर झाले त्यातला एकेक पाहून ठेवला, बाकीचे विकले, खाल्ले. पुन्हा पिल्लं, पुन्हा निवड. अशी काही वर्षं गेली, तेव्हा तो कोंबडा झाला.

तांबडा होता, शेपूट काळी, मानेवर पिवळी झाक. दिसायला देखणा होता. पण देखणे कोंबडे पुष्कळ असतात. याला दाणा सापडला तर हा आधी कोंबड्यांना बोलवायचा, स्वतः मागं उभा राहायचा. आणि आकाशात घार दिसली की घशातून एक खरखरीत आवाज काढायचा, आरवण्याचा नव्हे, वेगळाच. तो ऐकला की पिल्लं, तलंगा, म्हाताऱ्या कोंबड्या, सगळ्या करवंदीच्या जाळीत. अंगण क्षणात मोकळं. हा एकटा मधोमध मान वर करून उभा. त्याच्या काळात घारीला माझ्या अंगणातून क्वचितच काही मिळालं.

पावसाळा सरता सरता आमच्या रानात हिवताप यायचाच. कुणाला जास्त, कुणाला कमी. त्या वर्षी थोरल्या दिराला जोरात आला. चार-चार घोंगड्या घातल्या तरी दात वाजत होते. सासू उशाशी बसून होती. तिथं, त्या खोलीत, दोघांनी मिळून नवस केला. मला कळलं ते जावेकडून, भात कांडताना.

ती मुसळ न थांबवता म्हणाली, "त्यांस्नी बरं वाटलं की तुझा तांबडा द्यायचा हाय देवाला. बोललेत."

मी मुसळ खाली ठेवलं. "कुणी बोललं?"

"त्यांनीच. आत्ती पण हुत्या."

"मला न इचारता?"

"तुला काय इचारायचं? कोंबडा तर हाय."

मी नवऱ्याला गोठ्यात गाठलं. तो बैलाच्या पायातला काटा काढत होता. मी सगळं सांगितलं. त्यानं काटा काढला, बैलाचा पाय खाली सोडला, हात पुसले, आणि म्हणाला, "देवाचं हाय. आता काय बोलायचं?"

"देवाचं कसं? माझं हाय."

"अण्णाचा जीव मोठा का कोंबडा?"

"जीव मोठा हाय तर आपलं द्यावं माणसानं. दोन बकऱ्या हायत त्यांच्या. बकरं का न्हाई बोलले?"

तो बैलाला पाणी दाखवायला गेला. माझ्या नवऱ्याला उत्तर नसलं की बैलाला नेहमी तहान लागायची.

दीर बरा झाला. आमच्याकडं हिवतापानं माणूस पडायचा आणि बहुतेक वेळा उठायचा, तसाच उठला. पण सासूच्या लेखी त्याला देवानं उठवलं होतं. मी सासूपुढं हात जोडले. म्हटलं, "आत्ती, मी शेजारचा दुसरा कोंबडा आणून देते. त्याच्यापेक्षा मोठा. त्याच्या मोबदल्यात शेजारणीला माझ्या तलंगा जातील, जाऊ देत. तेवढा तांबडा ठेवा."

"बोललेलाच पायजे. बदली चालत न्हाई."

"मला इचारलं असतं तर..."

"तू या घरची न्हव्हं? मग तुझं ते घरचंच की."

"मग अण्णांच्या बकऱ्या पण माझ्याच व्हय?"

सासूनं माझ्या आवाजाच्या रोखानं मान वळवली. रागानं नव्हे. असा प्रश्न असू शकतो, हेच तिला ठाऊक नव्हतं. त्याचाच मला जास्त राग आला.

आमचा देव रानात, मोठ्या झाडांच्या खाली, एक उभा दगड. काही विचारायचं असलं की पुजारी फुलाच्या ओल्या पाकळ्या दगडाच्या दोन्ही अंगांना चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. याला कौल म्हणतात. शेताचं, लग्नाचं, हरवलेल्या गुराचं, सगळं तिथं विचारलं जायचं. विचारायचे मात्र पुरुष.

नवस फेडायच्या दिवशी वाडीतली सगळी माणसं जमली होती. दिराच्या काखेत माझा कोंबडा होता, पाय बांधलेला. मला बघून त्यानं मान वळवली आणि तोच हलका आवाज केला, दाणा सापडल्यावर करायचा तो. मी बायकांच्या घोळक्यातून पुढं गेले. नवरा "अगं, अगं" म्हणाला. मी थांबले नाही.

पुजाऱ्याला म्हटलं, "कौल लावा. कोंबडा माझा हाय. मी दिलेला न्हाई. असा कोंबडा देवाला चालतो का, इचारा."

"बायका कौल मागत न्हाईत."

"आज मागतेय."

लोक कुजबुजले. वाडीचा कारभार बघणारा मुखत्यार म्हातारा होता, त्याला बहुतेक गंमत वाटली असेल. तो म्हणाला, "लाव की. इचारायला काय जातंय?" पुजाऱ्यानं नाखुशीनं पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं: "देवा, ही बाई म्हणती कोंबडा तिचा हाय. तिच्या मर्जीबिगर तुला चालत असंल तर उजवी दे, नसंल तर डावी दे."

आम्ही वाट पाहिली. पाकळी पडेना. उजवीही नाही, डावीही नाही. पुजाऱ्यानं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. वारा नव्हता, पान हलत नव्हतं. मनात मी म्हणत होते, बोल रे, काहीतरी बोल, माझ्या विरुद्ध का होईना बोल.

तेवढ्यात माझा दीर म्हणाला, "देव गप्प हाय. गप्प म्हणजे व्हय."

आणि त्यानं कोंबडा पुजाऱ्याच्या हातात दिला. एक माणूस बोलला नाही. मुखत्यार बोलला नाही, शेजारीण बोलली नाही, माझा नवरा जमिनीकडं बघत होता. पाकळ्या दगडावर तशाच होत्या. देवाचा मला राग आला का? आला. पण देव दगडात होता, त्याला तोंड नव्हतं. तोंडं असलेली माणसं तिथं भोवती उभी होती.

कोंबडा घरी शिजायला आला. मी चुलीला हात लावला नाही. जावेनं शिजवला. सासूनं माझ्यासाठी एक तंगडी काढून ठेवली होती. तिला खरंच वाटत होतं की मी खाईन. मी बाहेर खुराड्यापाशी बसून राहिले.

तिथं बसले असताना मला आईचं बोलणं आठवलं. कोंबडा गेला तरी कोंबडीच्या पोटात त्याचं बीज काही दिवस राहतं. आठवडाभर, थोडं जास्तच, जी अंडी पडतात त्यातून पिल्लं निघतात. पुढची नुसती खायची. म्हणजे तांबडा अजून पुरता संपला नव्हता. माझ्या कोंबड्यांच्या पोटात होता.

दुसऱ्या दिवसापासून मी प्रत्येक अंडं उचलून कोंड्याच्या मडक्यात ठेवू लागले. दोन कोंबड्या खुडूक होण्याच्या बेतात होत्या. मी त्यांच्यासाठी पेंढा घालून टोपल्या तयार केल्या. खाली राख, आणि गडगडाटानं अंडी नासू नयेत म्हणून कोळशाचा तुकडा, आई ठेवायची तसा.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी थोरला दीर स्वतः मडक्यापाशी आला. दुखण्यातून उठलेल्या माणसाला अंडी पाहिजेत, असं सासूनं ठरवलं होतं. तोवर मी त्याच्याशी कधी एक शब्द बोलले नव्हते. थोरल्या दिरापुढं डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, समोर उभं राहायचं नाही, अशी रीत. मी मडक्याच्या पुढं उभी राहिले.

"भावजी, कोंबडा खाल्लासा. अंडं मिळायचं न्हाई."

तो आधी दचकला. मग ओरडला, "कुणाशी बोलतीस?"

"तुमच्याशीच. ही अंडी खायची न्हाईत. उबवायची हायत. तुमास्नी अंडं पायजे तर महिन्याभरानं या, तवा वांझ अंडी पडतील, ती खावा."

त्यानं कोपऱ्यातली काठी उचलली. सासू "नको रं" म्हणत भिंत चाचपत आली. जाऊ दारात. काठी वर गेली, आणि मी हलले नाही. धीर होता म्हणून नव्हे. राग इतका होता की काठी लागली असती तरी मला कळलं नसतं.

तेव्हा माझा नवरा आत आला. त्यानं भावाकडं पाहिलं नाही, माझ्याकडंही नाही. मडकं उचललं, काखेत घेतलं, आणि बाहेर चालू लागला. दार ओलांडताना एवढंच म्हणाला, "टोपल्या घे."

भात पोटरीला आलं होतं. रानडुकरांपासून राखण करायला शेताच्या कडेला आमचा बांबूचा माळा होता. आम्ही तिथं राहायला गेलो. दोन्ही कोंबड्या तोवर खुडूक होऊन बसल्या होत्या; खुडूक कोंबडीला दिवसा हलवलं तर ती बैठक सोडते, म्हणून तिन्हीसांजेला टोपल्यांवर फडकं बांधून नेल्या. माळ्याखाली बांबूचं कूड केलं, मुंगूस शिरू नये म्हणून बुडाला काटे लावले, आणि मडक्यातली अंडी कोंबड्यांखाली घातली. नवरा डुकरांना हाकायचा, मी टोपल्या राखायची. आठवड्यानं एकेक अंडं मुठीत धरून उन्हाकडं पाहिलं. बहुतेकांत तांबड्या शिरा धरलेल्या होत्या. त्या दिवशी मी प्रथमच नवऱ्याशी नीट बोलले. तोही हसला. पण देवापाशी तो गप्प राहिला होता, हे मी विसरले नाही. त्यालाही ते माहीत होतं. आयुष्यभर मग तो माझ्या कोंबड्यांच्या बाबतीत मला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसे. पण ते पुढचं झालं.

पिल्लं निघाली. काही घारीनं नेली, एक सापानं. कापणी झाल्यावर आम्ही घरी परतलो, पण चूल वेगळी मांडली. उरलेल्या पिल्लांत दोन नर होते. एक भित्रा निघाला. दुसरा पुढच्या पावसाळ्यापर्यंत तांबडा, काळ्या शेपटीचा झाला, आणि एके सकाळी अंगणात तोच खरखरीत आवाज ऐकू आला. मी हातातलं सूप टाकून बाहेर धावले. अंगण मोकळं होतं. जाळीतून पिल्लांची किलबिल येत होती.

त्याच वर्षी भाद्रपदात दिराला पुन्हा हिवताप आला. जाऊ माझ्या दारात आली. डोळे सुजलेले होते तिचे.

"आत्ती म्हणत्यात, यंदा पण..."

"न्हाई."

"माणूस मराय लागलाय."

"मग बकरं बोला. मी पेज करून देते, काढा उकळून देते, पाय चेपायला येते. कोंबडा मिळायचा न्हाई."

मी गेलेही. पेज दिली, काढा दिला. बकरं बोललं गेलं नाही. कुणीच कसलाच नवस केला नाही. आणि दीर आपोआप बरा झाला, जसा आदल्या वर्षीही नवसाशिवाय झाला असता. वाडीतल्या बायका मात्र विहिरीवर माझ्याकडं बघून म्हणायच्या, देवाला उपाशी ठेवणारी.

त्याच बायका पुढं अंडी मागायला माझ्याच दारी आल्या. घारीला न गावणाऱ्या कोंबड्या कुणाला नकोत? मी दिली. एकेकीला अंड्यांवर कोंबडी बसवायची रीतही दाखवली. लग्न होऊन गेलेल्या पोरींबरोबर ती कोंबडी पार उळवीकडच्या वाड्यांतून पसरली. गेल्या उन्हाळ्यात मी तिकडं नातलगाकडं गेले होते. अंगणात एक तांबडा फिरत होता. मी विचारलं, कुठली ही जात? घरातली सून कौतुकानं म्हणाली, "ही व्हय? थोरल्या गावकराची कोंबडी म्हणत्यात. लई जुनी जात. देवाला चालायची म्हणं."

थोरला गावकर म्हणजे माझा दीर. ज्यानं ती जात खाल्ली, तिला त्याचं नाव.

मी त्या पोरीला खाली बसवलं आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती ऐकत होती, पण तिचं लक्ष चुलीवरच्या दुधाकडं होतं. म्हणून मी हे लिहून काढलं. लिहायला मी उशिरा शिकले, लेकाच्या पाटीवर; अक्षर वाकडं आहे. वाकडं तर वाकडं.